उसनी चव

यतीन मांजरेकर मूळचा वेंगुर्ल्याचा. दादरला हॉटेल मॅनेजमेंट केलं, काही वर्षं गोव्यात, काही मस्कतमध्ये भट्टीसमोर घाम गाळला, आणि दोन हजार एकच्या मार्चमध्ये वर्क परमिटवर इंग्लंडला आला. बेसिंगस्टोकपासून बसने अर्ध्या तासावर, जंगलाच्या कडेला एल्डरकोट नावाचं एक जुनं कंट्री हॉटेल होतं. तिथे तो सू-शेफ, म्हणजे दुय्यम शेफ, म्हणून लागला. मुख्य शेफचं नाव कॉलिन. उंच, लाल चेहऱ्याचा, दिवसभर ओरडणारा आणि संध्याकाळी सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा करून देणारा माणूस.

एल्डरकोटला लोक यायचे ते हरणाच्या स्टेकसाठी. हिवाळ्यात जंगलाचा राखणदार हरणं आणून द्यायचा. ती थंड खोलीत टांगून ठेवायची, मांस मुरू द्यायचं आणि मग कापायची. हे मांस शेतावर वाढवलेल्या जनावरासारखं नसतं. त्यात चरबी जवळजवळ नाहीच. चव खोल, जराशी लोखंडाची, जराशी ओल्या पालापाचोळ्याची. नुसतं तव्यावर भाजून दिलं तर दोन घासांनंतर जीभ कंटाळते. म्हणून सगळी मदार सॉसवर.

यतीन आला तेव्हा तिथला सॉस कॉलिनच्या आधीच्या शेफपासून चालत आलेला होता. हाडं भाजायची, कांदा-गाजर परतायचं, रेड वाइन ओतून उकळायचं, गाळायचं आणि शेवटी तांबड्या बेरींची जेली घालून गोड करायचं. यतीनला तो पहिल्या चमच्यालाच खटकला.

"हा सॉस नाही, जॅम आहे," तो कॉलिनला म्हणाला.

नव्या माणसाने असं बोलणं म्हणजे धाडसच. कॉलिनने भुवया वर केल्या. "मग तू कर."

यतीनने तीन आठवडे घेतले. हाडं अधिक गडद भाजली, पण करपू दिली नाहीत. वाइन आधी निम्मी आटवली, मगच हाडांचा स्टॉक, म्हणजे अर्क, ओतला. ज्युनिपर या रानझुडपाचे काळे मणी हातात चुरडले तेव्हा त्यांचा जो झणझणीत, लाकडी वास आला, त्याने त्याला थेट तिरफळाची आठवण झाली. बांगड्याच्या आमटीत त्याची आई घालायची ते. मग त्याने ज्युनिपरसोबत दोन तिरफळं ठेचून टाकली आणि सॉस गाळायच्या आधी काढून घेतली. जेली निम्म्यावर आणली आणि आंबटपणासाठी आमसुलं भिजवून त्यांचा कोळ घातला. शेवटी थंड लोण्याचा गोळा घालून पातेलं नुसतं गोल फिरवलं. चमचा बुडवून उलटा धरला तर त्याच्या पाठीवर सॉस मखमलीसारखा चिकटून राहत होता.

कॉलिनने चाखला. पुन्हा चाखला. मग स्वयंपाकघरातल्या सगळ्यांना बोलावून एकेक चमचा दिला. पुढच्या हिवाळ्यात मेन्यू नव्याने छापला तेव्हा हरणाच्या स्टेकखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: 'यतीन्स सॉस'. वेटर मुली 'यॅटिन्स' म्हणायच्या. त्याने कधी सुधारलं नाही. मेन्यूचा एक कागद त्याने वेंगुर्ल्याला धाडला, तो त्याच्या आईने शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवला. इंग्रजी कुणाला येत नव्हतं, पण नाव वाचता येत होतं.

त्याची बायको ऋजुता सांगलीची. ती मुंबईला फार्मसी शिकत असताना दोघांची ओळख झाली, आणि घरच्यांनी बरंच ताणून धरल्यावर लग्न झालं. सांगलीचं घर कडक शाकाहारी; अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. तिच्या वडिलांनी यतीनकडे एकच गोष्ट मागितली होती: "बाहेर काय खायचं ते खा, शिजवायचं ते शिजव. माझ्या मुलीच्या घरात आणू नकोस." त्याने शब्द दिला आणि पाळला. हॉटेलच्या आवारातच, राईच्या टोकाला, त्यांना दोन खोल्यांचं छोटं घर मिळालं होतं. यतीन कामावरून आला की आधी आंघोळ करायचा, मगच ऋजुताच्या ओट्यापाशी जायचा. ऋजुता गावातल्या औषधांच्या दुकानात काम करायची. संध्याकाळी फडताळातल्या देवांपुढे तुपाचं निरांजन लावायची, स्तोत्र म्हणायची. मूल झालं नाही. त्यावर बोलणं दोघांनी कधीतरी सोडून दिलं होतं. एकूण बरं चाललं होतं.

दोन हजार चारच्या फेब्रुवारीत यतीनला फ्लू झाला. आठवडाभर अंथरुणात. ताप उतरला, नाक मोकळं झालं, तो कामावर गेला. दुसऱ्याच दिवशी दुपारी तो भाजी चिरत उभा होता आणि मागच्या ओव्हनमध्ये स्टॉकची हाडं होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून कॉलिन धावत आला, त्याने ओव्हनचं दार उघडलं आणि काळ्या धुराचा लोट बाहेर आला. हाडांचा कोळसा झाला होता.

"तुला वास येत नाही का?" कॉलिन ओरडला.

आपण कुणालाही रागाने म्हणतो तसंच तो म्हणाला होता. पण यतीन सुरी हातात धरून तसाच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत धूर जात होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि नाकाला काहीही कळत नव्हतं.

त्या दिवशी घरी येऊन त्याने ऋजुताचे सगळे डबे उघडले. लवंग. कॉफी. धणे. शेवटी हिंगाची डबी नाकाला लावून त्याने जोरात श्वास घेतला. ऋजुताला वाटलं तो काहीतरी गंमत करतोय. ती हसली. मग तिने त्याचा चेहरा पाहिला.

डॉक्टर म्हणाले, विषाणूने वासाच्या नसा मारल्यात. काही जणांचा वास परत येतो.

"किती जणांचा?" यतीनने विचारलं.

"काही जणांचा," ते पुन्हा म्हणाले. औषध असं नाहीच. वाट पाहायची.

लोकांना वाटतं चव जिभेवर असते. यतीनला आता कळलं की जिभेला फक्त चार-पाच गोष्टी कळतात: आंबट, गोड, खारट, कडू. बाकी सगळं नाकाचं. त्याने स्वतःचा सॉस चाखला तेव्हा त्याला आंबटगोड गरम पाणी लागलं. त्यात हरीण नव्हतं, जंगल नव्हतं, तिरफळ नव्हतं. डोळे मिटले असते तर लिंबाचं सरबत गरम करून दिलंय असंही त्याला वाटलं असतं.

त्याने कॉलिनला सांगितलं नाही. परमिट या हॉटेलचं, या कामाचं; नोकरी गेली की तेही जाणार. आणि ज्याला चव नाही असा शेफ म्हणजे काय, हे त्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो सवयीवर काम करू लागला. उकळीचा आवाज ऐकायचा. बुडबुडे बारीक, घट्ट व्हायला लागले की आटलं असं समजायचा. रंग पाहायचा. आणि उन्हाळ्यात हरीण मेन्यूवरून उतरलं तेव्हा त्याने सुटकेचा श्वास टाकला. चार महिन्यांत काहीतरी परत येईल. दररोज सकाळी उठल्याउठल्या तो उशीचा वास घ्यायचा. काही नाही.

ऑक्टोबरात हरीण परत आलं. आणि मग कळलं की रंगावर आणि आवाजावर भागत नाही. प्रत्येक जनावर वेगळं. म्हातारा नर असला तर हाडांचा स्टॉक उग्र उतरतो, तरुण मादी असली तर सौम्य. वाइनची बाटलीही दर खेपेला तीच नसते. हे सगळं जुळवून घेणं म्हणजेच सॉस करणं, आणि ते नाकाचं काम. कॉलिनने एकदा चमचा तोंडात घातला आणि थांबला.

"आज यात काहीतरी कमी आहे."

"बघतो," यतीन म्हणाला. काय बघणार?

आठवड्याभराने कॉलिन पुन्हा तेच म्हणाला, आणि या वेळी त्याने यतीनकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

दुपारच्या आणि संध्याकाळच्या जेवणाच्या मधल्या सुट्टीत यतीन घरी यायचा. त्या दिवशी तो आला तो एक काचेची छोटी बाटली घेऊन. ऋजुताचा कामाचा दिवस सकाळपुरताच होता. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने बाटली टेबलावर ठेवली. बाटलीतला सॉस अजून कोमट होता.

"हे काय आणलंस?" तिने विचारलं, पण तिला कळलं होतं. वास तिला येत होता.

"ऋजू, फक्त जिभेला लाव. गिळू नकोस. थुंकून टाक, चूळ भर. मला फक्त सांग कसं लागतंय."

तिने हातातला टॉवेल दोनदा घडी करून पुन्हा उलगडला.

"तू बाबांना शब्द दिला होतास," ती म्हणाली.

"हो."

"आणि मलाच चाखायला सांगतोयस."

"दुसरं कोण आहे मला इथे?"

ती उठून आतल्या खोलीत गेली. यतीन बाटली घेऊन परत गेला, बाटलीतला सॉस त्याने राईच्या कडेला गवतात ओतला. पुढचे काही दिवस दोघांमध्ये मीठ दे, बस चुकली, एवढंच बोलणं होतं. मग एका सकाळी कामावर निघताना, कोटाची बटणं लावत, त्याच्याकडे न पाहता ती म्हणाली, "आण आज."

त्या दुपारी तिने चमचा घेतला नाही. करंगळीचं टोक बाटलीत बुडवलं आणि जिभेला लावलं. मग तिचं तोंड वेडंवाकडं झालं, ती धावत मोरीपाशी गेली आणि तिला उलटी झाली. यतीन तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "राहू दे," तो म्हणाला. "राहू दे, ऋजू. चुकलं माझं."

तिने तोंड धुतलं. पदराने नाही, ती जीन्समध्ये होती, बाहीनेच तोंड पुसलं, परत आली आणि पुन्हा बोट बुडवलं.

"लोखंड," ती डोळे मिटून म्हणाली. "कढई घासताना येतो तसा. आणि... अरे, थांब. मागून काहीतरी येतंय. निरांजन विझवल्यावर वात धुमसते ना, तुपाचा धूर, तसं."

यतीन तिच्याकडे पाहत राहिला. निरांजनाचा धूर. म्हणजे हाडं जराशी जास्त भाजली गेली आहेत. लोणी आधीच घातलं गेलंय. तो परत धावला.

मांस कसं लागतं हे ऋजुताला ठाऊकच नव्हतं. म्हणून तिच्याकडे तयार शब्दही नव्हते. ती जे सांगायची ते सांगलीच्या घरातून यायचं: ओली गोणपाटं, पितळेचा तांब्या, चिंचेचा कोळ, जुन्या पुस्तकांचं कपाट, औषधाच्या दुकानातलं आयोडीन. यतीनने तिची भाषा शिकून घेतली. 'पितळ' म्हणाली की आमसुलाचा कोळ कमी करायचा. 'गोणपाट' म्हणजे जनावर म्हातारं, वाइन थोडी वाढवायची. 'नुसतं गोड' म्हणजे तिरफळ कमी पडलंय. आणि कधी कधी ती डोळे मिटून नुसतीच गप्प बसायची, आणि मग म्हणायची, "आज छान आहे. काय छान आहे ते सांगता येत नाही." तो दिवस त्याचा.

त्या हिवाळ्यात सॉस आधी कधी नव्हता इतका चांगला व्हायला लागला. हे कॉलिननेच सांगितलं. एकदा लंडनहून आलेला एक म्हातारा पाहुणा जेवण झाल्यावर काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला आणि त्याने यतीनचा हात हातात घेतला. "पन्नास वर्षं हरीण खातोय," तो म्हणाला. यतीनने घरी येऊन ऋजुताला सांगितलं. ती हसली, पण फार नाही.

कारण तोवर फडताळातलं निरांजन बंद झालं होतं. यतीनच्या ते लगेच लक्षात आलं नाही. वास नाही म्हणून. एका संध्याकाळी त्याला सुट्टी होती तेव्हा त्याने पाहिलं, दिव्यावर धूळ होती.

"लावत नाहीस हल्ली?"

"मन लागत नाही," ती म्हणाली.

"ऋजू, आपण बंद करू हे. मी सांगून टाकतो कॉलिनला."

"आणि मग? परत जायचं? तिथे कुठल्या हॉटेलात घेतील तुला, नाक नसलेल्याला?" तिचा आवाज चढला नव्हता. "चार वर्षं पूर्ण होऊ देत. इथे कायमचं राहायचा शिक्का पडू दे. तोपर्यंत चालू दे."

दर गुरुवारी सांगलीहून तिच्या आईचा फोन यायचा. "उपास धरलास ना गं?" आई विचारायची. "हो," ऋजुता म्हणायची, आणि ते खोटं नसायचं. उपास ती धरायची. फक्त दुपारी करंगळीचं टोक बाटलीत बुडवायची. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ फोनशेजारीच बसून राहायची. एकदा तिने आईला म्हटलं, देव इथे थंडीत नकोत, कुणी येत-जात असेल त्याच्याबरोबर पाठवते. आणि पाठवले. आईने कारण विचारलं नाही. बहुतेक कळलं असावं; आयांना असं कळतं.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी शिकारीची मोठी पार्टी होती. दुपारचं जेवण, चाळीसेक माणसं, बुटांना चिखल, गाल वाऱ्याने लाल झालेले. हॉटेलच्या मालकाचे जुने मित्र. आदल्या दिवशी शुक्रवारी यतीनने सॉसचं मोठं पातेलं लावलं. हाडं राखणदाराने नुकतीच आणून दिलेल्या दोन जनावरांची होती. त्यांतल्या एकाला गोळी नीट लागली नव्हती, पोटात घुसली होती. तशी घुसली की आतड्यातली घाण सगळीकडे पसरते; अशा जनावराची हाडं धुऊन, वास घेऊन, बाजूला काढायची असतात. यतीनने धुतली. वास घेता आला नाही.

दुपारी तो बाटली घेऊन घरी आला तेव्हा ऋजुता खिडकीपाशी शाल गुंडाळून बसली होती. डोळे पाणावलेले.

"बरं नाही का?"

"काही नाही. दुकानात सकाळभर उभी होते." तिने बाटली पुढे ओढली, बोट बुडवलं, जिभेला लावलं. डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटलेले ठेवले.

"ठीक आहे," ती म्हणाली. "चांगला आहे."

"पितळ? गोणपाट?"

"नाही रे. चांगला आहे. जा तू."

तिचं नाक दोन दिवसांपासून पूर्ण बंद होतं. सर्दीने तिलाही काही लागत नव्हतं. नंतर तिने सांगितलं: त्याच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर 'मला कळत नाहीये' हे शब्द तिच्या तोंडून निघेनात. एका दिवसाचा प्रश्न आहे, त्याचा हात बसलेला आहे, एक दिवस माझ्यावाचून निभेल, असं तिने स्वतःला समजावलं होतं.

शनिवारी पहिल्या आठ-दहा प्लेट गेल्या आणि परत आल्या. मांस संपलेलं नव्हतं, सॉस काट्याने बाजूला सारलेला होता. एक वेटर मुलगी हळूच कॉलिनच्या कानात काही म्हणाली. कॉलिनने पातेल्यात चमचा बुडवला, तोंडात घातला आणि सिंकमध्ये थुंकला.

"मरून आठवडा झालेल्या जनावरासारखा वास येतोय याला," तो म्हणाला. मग यतीनकडे वळला. "तू चाखला होतास?"

"हो, शेफ."

कॉलिन ओरडला नाही. तेच वाईट होतं. त्याने बाकीच्या प्लेटींसाठी तव्यातच लोणी, मिरी, थोडी वाइन असं काहीतरी पटकन करून दिलं, जेवण निभावून नेलं. मग यतीनला मागच्या कोठारात बोलावलं. दोन चमचे घेतले. एकात व्हॅनिला, एकात माशांचा सॉस, दोन्हींत थोडं थोडं पाणी. "डोळे मीट," तो म्हणाला, आणि एकेक चमचा यतीनच्या नाकाखाली धरला. "कुठल्यात काय आहे?"

यतीन डोळे मिटून उभा राहिला. एकदा तोंडात घ्यायला मिळालं असतं तरी खारटावरून ओळखता आलं असतं. पण कॉलिन मूर्ख नव्हता.

"कधीपासून?" कॉलिनने विचारलं.

"मागच्या फेब्रुवारीपासून."

"आणि हे इतके महिने कोण चाखत होतं?"

यतीनने सांगितलं. कॉलिन बटाट्यांच्या पोत्यावर बसला. दोन्ही हातांनी त्याने चेहरा झाकला. "ती मांस खात नाही ना?" तो म्हणाला. "नाताळच्या जेवणाला तिच्यासाठी मी वेगळी थाळी केली होती." "तू मला सांगायला हवं होतंस," कॉलिन म्हणाला, आणि मग, कारण तो प्रामाणिक माणूस होता, "सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, ते मलाही माहीत नाही."

त्याने यतीनला काढलं नाही. कायमच्या वास्तव्याची परवानगी येईपर्यंत सकाळच्या नाश्त्यावर ठेवलं: अंडी, टोस्ट, सॉसेज, ज्याला घड्याळ पुरतं असं काम. सॉस स्वतः कॉलिन करायला लागला. आमसुलं आणि तिरफळं कुठून मागवायची ते त्याने यतीनला विचारून घेतलं. मेन्यूवर 'यतीन्स सॉस' तसंच राहिलं, लोक त्याच नावाने मागत होते म्हणून. दुपारी स्वयंपाकघरातून ऑर्डर ओरडली जायची, "दोन हरीण, यॅटिन्स सॉस!" तेव्हा यतीन मागे भांडी लावत असायचा. सगळ्यांना वाटायचं, त्याचा हा मान आहे. त्याला दर वेळी आपल्याच नावाने कुणीतरी दुसऱ्याच माणसाला हाक मारतंय असं वाटायचं.

उन्हाळ्यात परवानगी आली आणि दोघं लंडनजवळच्या स्लाऊला गेली. तिथल्या एका तयार जेवणाच्या कारखान्यात यतीनला काम मिळालं. तिथे सॉस पातेल्यात नाही, माणूस उभा मावेल एवढ्या स्टीलच्या टाकीत व्हायचा. मिरीचा, मशरूमचा, वाइनचा. पिशव्यांवर आकडे असायचे. कुठली पिशवी कधी ओतायची ते पडद्यावर यायचं. चाखायला वरच्या मजल्यावर वेगळी माणसं होती, पांढऱ्या कोटातली. यतीनला चाखायची परवानगीच नव्हती. इथे त्याच्या नाकाची कुणाला गरज नव्हती, आणि यात सुख मानावं असा त्याने बराच प्रयत्न केला.

ऋजुताला हाय स्ट्रीटवरच्या औषधांच्या दुकानात काम मिळालं. आजूबाजूला आपली माणसं होती, देवळं होती, पुण्या-मुंबईची आयटीतली तरुण जोडपी होती. शेजारची सुनेत्रा म्हणून एक जण तिला गणपतीला बोलवायला आली. ऋजुता गेली, आरतीला मागे उभी राहिली, प्रसाद हातात घेऊन आली आणि यतीनला दिला. "तू खा," ती म्हणाली. मांसाला तिने नंतर कधी स्पर्श केला नाही. पण त्याआधीची ऋजुताही परत आली नाही. देव सांगलीतच राहिले.

दोन हजार सातच्या वसंतात, कारखान्याच्या कँटीनच्या दारात, यतीन एकदम थबकला. काहीतरी येत होतं. नाकात, खरोखर नाकात. तो बाहेर अंगणात धावला आणि त्याने ऋजुताला फोन लावला.

"ऋजू, वास आला!"

"काय म्हणतोस? कसला?"

"माहीत नाही! घाण आहे. जळकं रबर, सडलेलं काहीतरी. पण वास आहे, ऋजू, वास!"

फोनवर ती हसत होती की रडत होती ते त्याला कळेना. त्याने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरही खूश झाले. नसा पुन्हा वाढतायत, म्हणाले. पहिल्यांदा गोंधळ होतो. चुकीच्या जागी जोडल्या जातात. हळूहळू ठीक होतं.

"सगळ्यांचं?"

"काही जणांचं."

यतीनचं झालं नाही. तोच एक वास पसरत गेला. कांदा परतला तर तोच वास, कॉफीला तोच, टूथपेस्टला तोच. लसूण, डाळ, भाजलेली पोळी, साबण, पावसानंतरचा रस्ता: सगळ्यावर तीच सडलेली, जळकी साय. आधी निदान काही नव्हतं. आता घास तोंडाशी नेताना त्याला उलटीची उबळ यायची. ऋजुताने फोडणी बंद केली. थंड, पांढरं, बिनवासाचं तेवढं तो खाऊ शकायचा: दहीभात, सोललेली काकडी, गार दूध. त्याचं वजन उतरलं, कारखान्यातल्या कपड्यांना पट्टा घट्ट करून घ्यावा लागला.

आणि मग एका रविवारी सकाळी ती न्हाऊन आली आणि त्याच्याशेजारी कोचावर बसली, पूर्वी बसायची तशी, खांद्याला डोकं टेकून. यतीनचं अंग ताठ झालं. त्याने श्वास धरून ठेवला. पण माणूस किती वेळ श्वास धरणार? तो उठून खिडकीकडे गेला.

"मी?" ऋजुताने मागून विचारलं.

त्याने खिडकीची कडी काढली.

"यतीन, माझ्या अंगालाही तोच येतो?"

"केसांना," तो म्हणाला. "तेलामुळे असेल."

तिने तेल सोडलं. शाम्पू बदलला, बिनवासाचा आणला, मग नुसत्या पाण्याने धुऊन पाहिलं. कपड्यांचा साबण बदलला. काही उपयोग नव्हता. वास तिच्या केसांत नव्हता, त्याच्या डोक्यात होता, हे दोघांनाही माहीत होतं, आणि माहीत असून काही बदलत नव्हतं. तो पुढच्या खोलीत झोपू लागला. ती म्हणायची, बरं आहे, तू लवकर उठतोस, माझी झोपमोड होत नाही.

दोन हजार नऊच्या हिवाळ्यात त्यांची सकाळ अशी असायची. ऋजुता फ्रिजमधला दहीभात बशीत काढायची आणि तो थोडा वेळ उघड्या खिडकीत ठेवायची, अजून गार व्हावा म्हणून. मग बशी टेबलाच्या त्याच्या टोकाला ठेवायची. स्वतः ती दुसऱ्या टोकाला, खिडकीशी बसायची आणि खिडकी तशीच सताड उघडी ठेवायची. आपल्या अंगाचा वास यतीनकडे न जाता खिडकीतून बाहेर जावा अशी ती खुर्ची ओढून घ्यायची. अंगात कोट, गळ्याला मफलर, हाताशी नुसत्या गरम पाण्याचा कप. चहाचाही वास त्याला सोसत नव्हता.

"जरा लाव ना खिडकी," यतीन म्हणाला. "गारठशील."

"मला बरं वाटतं," ती म्हणाली. तिचे ओठ निळसर झाले होते. "तू खा सावकाश."

तो खाली मान घालून खात राहिला.